वाईला मुक्काम करा: ढोल्या गणपतीच्या पुढची वाई

पुण्याहून महाबळेश्वरला निघालेल्या बहुतेक गाड्या वाईत अर्धा-पाऊण तास थांबतात. ढोल्या गणपतीला नमस्कार, घाटावर दोन फोटो, चहा, की लगेच पसरणीचा घाट. इतक्या घाईत वाई दिसत नाही. हे गाव रस्त्याच्या कडेने वसलेले नाही, ते कृष्णेच्या काठाने वसलेले आहे, म्हणून त्याचा माग काढायचा तर नदीच्या काठानेच काढायला हवा. आधी गावातले घाट, मग नदीच्या उलट दिशेने मेणवली, भोगाव आणि धोम, आणि वेळ उरला तर आजूबाजूच्या डोंगरांत व गावांत. पहिल्यांदाच येणाऱ्याने कसे यावे, कुठून सुरुवात करावी, काय टाळावे आणि कुठे जास्त वेळ द्यावा, ते इथे क्रमाने सांगतो.

कधी आणि कसे यावे

पुणे-बेंगळुरू महामार्गावर सुरूर फाट्याला वळले की वाई दहा-बारा किलोमीटरवर आहे. साताऱ्याकडून येणाऱ्यांनी पाचवड फाट्याला वळावे. वाईत एसटीचे आगार आहे आणि पुणे, सातारा, महाबळेश्वर या तिन्ही बाजूंच्या गाड्या मिळतात. रेल्वेने यायचे तर पुणे-मिरज मार्गावरचे वाठार स्टेशन जवळचे, पण तिथून पुढे पुन्हा रस्त्यानेच यावे लागते. त्यामुळे एकट्यादुकट्याने येणाऱ्याला एसटीच सोयीची.

शनिवार-रविवार शक्यतो टाळा. पाचगणी-महाबळेश्वरची सगळी गर्दी याच रस्त्याने वर चढते. नाताळात आणि जोडून आलेल्या सुट्ट्यांत सुरूरपासून पसरणीच्या घाटापर्यंत गाड्यांची रांग लागते. मंगळवार-बुधवारी आलात तर हेच गाव मोकळे, ऐसपैस वाटते. पौष पौर्णिमेच्या सुमारास मांढरदेवीच्या काळूबाईची मोठी यात्रा असते. दर्शनाला जायचे नसेल तर ते दिवसही सोडा, कारण त्या बाजूचे रस्ते आणि वाईतल्या राहण्याच्या जागा भरलेल्या असतात.

ऋतू म्हणाल तर नोव्हेंबर ते फेब्रुवारी सर्वांत उत्तम. पावसाळ्यात डोंगर हिरवेगार होतात, धुके खाली उतरते, सगळे फार देखणे दिसते. पण धोम धरणातून पाणी सोडले की कृष्णा झपाट्याने चढते आणि घाटाच्या पायऱ्या बुडतात. त्या दिवसांत वरच्या पायऱ्यांवरूनच नदी पाहावी. शेवाळलेल्या दगडावर पाऊल टाकू नये आणि मुलांचा हात सोडू नये. उन्हाळ्यात दुपार कठीण जाते, मात्र मे महिन्यात लोकमान्य टिळक स्मारक संस्थेची वसंत व्याख्यानमाला असते. संध्याकाळी व्याख्यान ऐकायला जमलेले वाईकर पाहिले की या गावाची बौद्धिक ओढ कशी आहे ते कळते.

एक रात्र तरी मुक्काम हवाच. घाट पाहण्याची खरी वेळ सूर्योदयाच्या आसपासची आहे, आणि ती पुण्याहून सकाळी निघणाऱ्याला गाठता येत नाही.

पहिली सकाळ: सात घाट, पायी

गाडी मुक्कामाच्या जागीच ठेवा. घाटांकडे उतरणाऱ्या बोळांत चारचाकी घातली की तुमचाही वेळ जातो आणि तिथे राहणाऱ्यांनाही त्रास होतो.

वाईचे घाट सात: गंगापुरी, मधली आळी, गणपती आळी, धर्मपुरी, ब्राह्मणशाही, रामडोह आणि भीमकुंड. घाटांची नावे आणि आळ्यांची नावे एकच, कारण इथे आळी म्हणजे केवळ रस्ता नव्हे. प्रत्येक आळीला आपला घाट, आपली देवळे आणि आपली कृष्णाबाई, म्हणजे देवीरूपातली कृष्णा नदी, आहे. गंगापुरी हे एक टोक आणि भीमकुंड हे दुसरे. बहुतेक प्रवासी मधल्या गणपती आळीत येऊन परत जातात. तुम्ही टोकापासून सुरू करा. गंगापुरीतून निघून रमतगमत भीमकुंडापर्यंत गेलात तर सकाळचे दोन तास सहज जातात. काही ठिकाणी पाण्याकाठाने पुढे जाता येते, काही ठिकाणी पुन्हा बोळातून वर येऊन पुढच्या घाटाला उतरावे लागते. त्या बोळांतही पाहण्यासारखे आहे: जुन्या वाड्यांचे दिंडीदरवाजे, दगडी जोती, त्यावरच्या विटांच्या भिंती, मध्येच एखादा लाकडी सज्जा. हे वाडे राहते आहेत. दार उघडे दिसले म्हणून आत डोकावू नका. कुणी ओसरीवर बसले असेल तर विचारा, पुष्कळदा आनंदाने आत बोलावतात.

घाटावर काय पाहायचे? पहिल्यांदा पायऱ्याच पाहा. काळ्या दगडाचे घडीव चिरे, पाण्याशी उतरताना मध्येच येणारे रुंद टप्पे, पात्रातच बांधलेली छोटी शिवालये. पुरात ही शिवालये पाण्याखाली जातात आणि पाणी ओसरले की गाळ धुऊन पुन्हा पूजेला सिद्ध होतात. वाईचे बांधकाम पूर गृहीत धरूनच झाले आहे. हे एकदा लक्षात आले की पुढे ढोल्या गणपतीचे देऊळही वेगळ्या नजरेने पाहता येते.

हे घाट आजही रोजच्या वापरात आहेत. सकाळी कुणी कपडे धुते, कुणी संध्या करते, कुठे दशक्रिया चाललेली असते. कपडे धुणाऱ्या बायकांचे आणि दिवसकार्याला बसलेल्या माणसांचे फोटो काढू नका. कॅमेरा बाजूला ठेवून थोडा वेळ पायरीवर बसा. गावात चित्रीकरणे वारंवार होतात, त्यामुळे एखादा घाट दोरी बांधून अडवलेला दिसेल. तसे झाले तर वाद न घालता पुढच्या घाटाला जा, सात आहेत.

हिवाळा संपता संपता आलात तर कृष्णाबाईचा उत्सव गाठता येईल. एकेक घाट आपापल्या पाळीने उत्सव करतो. मांडव पडतो, कृष्णाबाईची मूर्ती सजवून बसवतात, कीर्तने होतात, पंगती उठतात. अफझलखान शिवाजी महाराजांवर चालून आला तेव्हा, १६५९ साली, संकट टळावे म्हणून कृष्णामाईला नवस बोलला गेला आणि त्यातून हा उत्सव सुरू झाला, असे वाईकर सांगतात. खानाचा आणि वाईचा संबंध तर जुनाच, तो आदिलशाहीतर्फे वाईचा सुभेदार होता. उत्सवाच्या तिथ्या दरवर्षी गावातच विचारून घ्याव्यात. कोणत्याही आळीतला वडीलधारा माणूस आपल्या घाटाची तिथी चटकन सांगेल. पंगतीचे आमंत्रण मिळाले तर नाही म्हणू नका.

ढोल्या गणपती, पण मागच्या बाजूने

गणपती आळीत पोहोचेपर्यंत थोडी गर्दी झालेली असेल. दर्शन घ्या, मूर्ती अखंड दगडाची आहे आणि तिचा आकार पाहिला की लोकांनी ढोल्या हे नाव का दिले ते सांगावे लागत नाही. हे देऊळ गणपतराव भिकाजी रास्ते यांनी १७६२ साली बांधले. दर्शन झाले की लगेच बाहेर पडू नका, देवळाला वळसा घालून मागे जा. मागची भिंत सपाट नाही, ती माशाच्या आकाराची आहे. पुराचे पाणी सरळ भिंतीवर आदळू नये, दुभंगून दोन्ही बाजूंनी निघून जावे, यासाठी ही योजना. नदीच्या पात्राला इतके लागून असलेले देऊळ अडीचशे वर्षांहून अधिक काळ पूर झेलत उभे आहे, त्यात या भिंतीचा वाटा मोठा आहे. माझ्या मते वाईतला हा सर्वांत पाहण्यासारखा दगड आहे, आणि दर्शनाच्या रांगेतून परत फिरणाऱ्याला तो कधीच दिसत नाही.

शेजारचे काशीविश्वेश्वराचे देऊळ आनंदराव भिकाजी रास्त्यांनी १७५७ साली बांधले, म्हणजे गणपतीच्याही आधी. दीपमाळा, प्राकार आणि काळ्या पाषाणाचा नंदी नीट पाहा. नंदीच्या अंगावरचे दागिने कोरताना कारागिराने केलेले बारीक काम सकाळच्या तिरप्या उन्हात उठून दिसते. दुपारी तेच सपाट वाटते.

या रास्त्यांचे नाव वाईत पावलोपावली येणार, म्हणून त्यांच्याविषयी थोडे. नानासाहेब पेशव्यांच्या पत्नी गोपिकाबाई या रास्ते घराण्यातल्या, भिकाजी नाईक रास्त्यांची लेक. माहेर-सासरच्या या नात्यामुळे रास्त्यांना पेशवाईत मोठे स्थान मिळाले. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात वाईत जी देवळे उठली, त्यांतली बरीच या घराण्याने बांधली. गावातली विष्णूची आणि महालक्ष्मीची देवळेही त्याच काळातली आहेत. ती बाजारपेठेच्या वर्दळीत आहेत, म्हणून दुर्लक्षित राहतात. महालक्ष्मीच्या देवळात दुपारी जा, गर्दी नसते आणि सभामंडपात गारवा असतो.

दुपार: कोशांचे गाव

वाईला दक्षिण काशी म्हणतात ते फक्त देवळांमुळे नव्हे. इथे शास्त्राध्ययनाची मोठी परंपरा होती आणि विसाव्या शतकात तिने नवे रूप घेतले. नारायणशास्त्री मराठे, म्हणजे पुढचे केवलानंद सरस्वती, यांनी इथे प्राज्ञपाठशाळा उभी केली. तरुण विनोबा भावे १९१७ साली साबरमतीच्या आश्रमातून रजा घेऊन इथे संस्कृत ग्रंथ शिकायला आले होते. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी याच पाठशाळेत घडले. जन्मजात अस्पृश्यतेला शास्त्राधार नाही, हे शास्त्राच्याच बळावर मांडणारी माणसे या गावात होती, हे घाटावरच्या देवळांइतकेच महत्त्वाचे वाटते. धर्मकोशाचे काम पाठशाळेने हाती घेतले, आणि 'नवभारत' हे वैचारिक मासिकही वाईतूनच निघत आले.

पुढे संयुक्त महाराष्ट्र झाल्यावर मराठी विश्वकोशाचे काम सुरू झाले, तर्कतीर्थ त्याचे प्रमुख संपादक झाले आणि विश्वकोशाचे कार्यालय मुंबई-पुण्यात न राहता वाईत आले. पहिला खंड १९७६ साली प्रसिद्ध झाला आणि मुख्य कोश पुढे वीस खंडांचा झाला. शाळा-कॉलेजात ज्याने निबंध किंवा प्रकल्पासाठी विश्वकोश उघडला असेल, त्याने गंगापुरीतले ते कार्यालय एकदा तरी पाहावे. हे पर्यटनस्थळ नाही, कामाची जागा आहे. कामकाजाच्या दिवशी, कामाच्या वेळेत जा, दारात चौकशी करा आणि परवानगी मिळाली तरच आत फिरा. खंड विकत घेता येतील का, हेही तिथेच विचारा. इथे भव्य असे काही दिसणार नाही. पण खगोलशास्त्रापासून कुंभारकामापर्यंत सारे ज्ञान मराठीत आणण्याचे काम कृष्णेकाठच्या एका लहान गावात बसून झाले, हे तिथे उभे राहून जाणवते.

जेवणाचे म्हणाल तर दुपारी साध्या खाणावळीत बसा. ज्वारीची भाकरी, पिठले किंवा भरले वांगे, ठेचा, ताक. या भागात हळद आणि ऊस पिकतो, तेव्हा घरी न्यायला हळद आणि हंगामात गूळ घ्या. स्ट्रॉबेरी डिसेंबरपासून मार्चपर्यंत बाजारात येते आणि वाईत ती वर पाचगणी-महाबळेश्वरपेक्षा बहुधा स्वस्त पडते.

दुसरा दिवस: नदीच्या उलट दिशेने

आता गाडी किंवा रिक्षा घ्या. सायकल मिळाली तर सर्वांत बरे, कारण मेणवली वाईपासून अवघ्या तीन किलोमीटरवर आहे आणि धोम आठेक किलोमीटरवर. सकाळी लवकर निघा.

मेणवली हे गाव नाना फडणवीसांना १७६८ साली इनाम मिळाले. नानांनी तिथे वाडा बांधला, नदीला घाट बांधला, आणि घाटावर मेणेश्वराचे व विष्णूचे देऊळ उभारले. वाडा नानांच्या वंशजांच्या मालकीचा आहे. आत जाण्यासाठी शुल्क द्यावे लागते आणि खासगी कार्यक्रम किंवा चित्रीकरण असेल तर बंदही असतो, म्हणून वाईतूनच चौकशी करून निघावे. सहा चौकांचा हा वाडा भराभर पाहू नका. एका चौकातून दुसऱ्यात जाताना उंबरठ्यांची उंची, दारांची रुंदी, जिन्यांच्या जागा बदलत जातात. बाहेरच्या माणसाने कुठवर यायचे, घरच्यांनी कुठे वावरायचे, हे बांधणीतूनच ठरवलेले आहे. वरच्या मजल्यावर भिंतींवरची जुनी चित्रे उरली आहेत. त्यांना हात लावू नका, फ्लॅश वापरू नका. रंग फार नाजूक अवस्थेत आहे. पेशवाईचा इतिहास लिहिणाऱ्यांना ज्या कागदांचा मोठा आधार झाला, ते मेणवली दफ्तर याच वाड्यातले.

वाड्यामागे उतरले की घाट लागतो. चंद्रकोरीसारखा वळलेला, एकसंध, आणि माझ्या दृष्टीने साऱ्या कृष्णाकाठावरचा सर्वांत सुडौल. या घाटावरची एक वस्तू मात्र शोधून पाहावी लागते: एका लहानशा बांधकामात टांगलेली भली मोठी घंटा. जवळ जाऊन पाहिले तर तिच्यावर मेरी आणि बाळ येशू यांची आकृती दिसते आणि १७०७ हे वर्ष. ही घंटा चर्चची. चिमाजी अप्पांनी १७३९ साली पोर्तुगीजांकडून वसई जिंकली तेव्हा तिथल्या घंटा मराठी मुलखात आल्या आणि ठिकठिकाणच्या देवळांत लागल्या. नाशिकच्या नारोशंकराच्या देवळातली आणि भीमाशंकरची घंटा त्यांतल्याच. मेणवलीची घंटा वाजवायचा मोह होतो, पण ती जुनी आहे आणि आजूबाजूला लोक राहतात. तिच्यावरची अक्षरे आणि आकृती नीट पाहा, तेवढे पुरे.

मेणवलीहून धोमच्या वाटेवर भोगाव लागते. बहुतेक गाड्या इथे थांबत नाहीत. 'सुश्लोक वामनाचा' असे ज्यांच्याविषयी म्हटले जाते त्या वामन पंडितांची समाधी इथे कृष्णेकाठी आहे. सतराव्या शतकातला हा कवी संस्कृतात मुरलेला, आणि तरी गीता सामान्यांना कळावी म्हणून तिच्यावर मराठीत विस्तृत टीका लिहिणारा. समाधीची जागा साधी आहे, पाच-दहा मिनिटांत पाहून होते. पण आदल्या दुपारी विश्वकोशाचे कार्यालय पाहून आलेल्याला इथे थांबल्यावर लक्षात येईल की अवघड ज्ञान मराठीत आणण्याचा नाद या खोऱ्यात फार जुना आहे.

धोमला मात्र भरपूर वेळ द्या. धौम्य ऋषींच्या नावावरून गावाचे नाव पडले असे सांगतात. इथली महादेवाची आणि नृसिंहाची देवळे अठराव्या शतकात महादेव शिवराम या पुण्याच्या सावकाराने बांधली. महादेवासमोरचा नंदी पाहून चालणारी पावले आपोआप थांबतात. कमळाच्या आकाराचा दगडी हौद, हौदात दगडी कासव, कासवाच्या पाठीवर मंडप आणि मंडपात नंदी. हौदात पाणी असले की कासव सगळा मंडप पाठीवर घेऊन तरंगत असल्याचा भास होतो. पाणी नसेल तर कमळाच्या पाकळ्यांची घडण आतपर्यंत दिसते, म्हणून कोणत्याही ऋतूत आलात तरी निराशा होत नाही. हौदाच्या कडेवर चढू नका, कडा जुन्या आणि निसरड्या आहेत. वैशाख शुद्ध चतुर्दशीला नृसिंहजयंती असते, तेव्हा गावाला वेगळेच उधाण असते. एरवी दुपारी देवळात तुम्ही आणि पुजारी, एवढेच असता.

धरण गावाला लागूनच आहे. जलाशयाचे पाणी पाहायला रस्त्यावरून थांबावे, पण पाण्यात उतरू नये. काठ गाळाचा आहे आणि खोली एकदम वाढते. कमळगड याच जलाशयाच्या वरच्या अंगाला आहे. गडावर खडकात खोल गेलेली, लाल काव असलेली विहीर आहे. जिना उतरत खाली जावे तशी आजूबाजूची माती अधिकाधिक तांबडी होत जाते. ज्यांना डोंगरात चालण्याची सवय आहे त्यांनी त्यासाठी वेगळा पूर्ण दिवस काढावा आणि पायथ्याच्या गावातून वाटाड्या घ्यावा, कारण रानातून जाताना वाटा फुटतात.

तिसरा दिवस मिळाला तर

इथून पुढे आवडीप्रमाणे निवड करावी. सगळे एका दिवसात कोंबू नका.

ज्यांना लेणी आवडतात त्यांनी लोहारे गाठावे. वाईच्या उत्तरेला सहा-सात किलोमीटरवर या गावाजवळ बौद्ध लेणी आहेत. गावात पालपेश्वर म्हणून विचारा, लेणी म्हटले तर कुणी चटकन सांगणार नाही. मुख्य लेण्यात पूर्वी दगडात कोरलेला स्तूप होता. त्याचा वरचा भाग गेला आणि राहिलेल्या भागाची आज शिवलिंग म्हणून पूजा होते. त्याच दगडासमोर आधी भिक्षू बसले, नंतर शिवभक्त बसले. आत अंधार असतो, बॅटरी न्या. चपला बाहेर काढा. पावसाळ्यात आत पाणी साचते. थेट डोंगरावरच चढायचे असेल तर मेणवलीच्या बाजूने पांडवगडाची वाट आहे. चढ खडा आहे, सकाळी लवकर सुरू करा आणि पाणी भरपूर घ्या.

ज्यांना जुनी शिल्पे वाचायला आवडतात त्यांच्यासाठी महामार्गाच्या पलीकडे भुईंजच्या पुढे किकली आहे. चंदन-वंदन या जोडकिल्ल्यांच्या पायथ्याकडचे हे गाव. इथले भैरवनाथाचे देऊळ यादवकाळाच्या घडणीचे आहे, खांबांवर बारीक नक्षी आहे. पण खरे पाहायचे ते देवळाच्या परिसरातले वीरगळ, म्हणजे लढाईत पडलेल्या वीरांचे स्मृतिदगड, एकाच ठिकाणी ओळीने लावलेले कितीतरी. वीरगळ खालून वर वाचायचा असतो. सर्वांत खालच्या चौकटीत पडलेला वीर किंवा त्याने वाचवलेली गुरे, त्यावर लढाई, त्यावर अप्सरा वीराला घेऊन जात आहेत, आणि सर्वांत वर वीर शिवलिंगाची पूजा करतो आहे. बाजूला कोरलेले सूर्य-चंद्र म्हणजे ही कीर्ती ते असेपर्यंत टिकावी असा अर्थ. एकदा वाचायची रीत समजली की प्रत्येक दगड वेगळी हकिकत सांगतो, आणि मुलांना तर हा खेळच होतो. एकाच गावात इतके वीरगळ असणे म्हणजे या वाटेवर किती झटापटी झाल्या असतील याचा अंदाज येतो.

रंगपंचमीच्या सुमारास वाईत असाल तर बावधनचे बगाड, म्हणजे नवस बोललेल्या माणसाला (बगाड्याला) उंच खांबावर टांगून नेणारा लाकडी गाडा, पाहायला जरूर जा. भैरवनाथाच्या यात्रेत कृष्णाकाठच्या सोनेश्वरापासून बावधनपर्यंत बैलांच्या जोड्या हे बगाड शेतांतून ओढत नेतात. बगाड्या कोण होणार ते होळीला कौल लावून ठरते. ही गर्दी प्रचंड असते. पाहायला उंच बांधावर किंवा गावाच्या बाजूला उभे राहा, बैलांच्या वाटेत अजिबात जाऊ नका, लहान मुले आणि वयस्कर माणसे बरोबर असतील तर लांबूनच पाहा. गाडी वाईतच ठेवून चालत किंवा मिळेल त्या वाहनाने जा.

आणि घाटातून वर पाचगणीला जायचेच असेल तर पसरणीत पाच मिनिटे थांबा. शाहीर साबळे इथले, १९२३ साली याच गावात जन्मले. घाटात मध्यावर एक वळण येते, तिथून खालचे सारे खोरे दिसते: धोमचा जलाशय, कृष्णेची वळणे, मेणवली, वाई. दोन दिवस नदीकाठाने फिरून आलेल्याला तिथून आपली वाट ओळखता येते. गाडी वळणावर थांबवू नका, पुढे मोकळी जागा मिळाल्यावरच उतरा.

परतताना लिंबची विहीर

परतीचा रस्ता साताऱ्यावरून असेल तर एक थांबा चुकवू नका. महामार्गापासून थोडे आत लिंब गावाजवळ बारा मोटेची विहीर आहे. छत्रपती शाहू महाराजांच्या काळात विरूबाई भोसले यांनी शके १६४१ ते १६४६, म्हणजे १७१९ ते १७२४ या काळात ती बांधली. विहीर अष्टकोनी, जवळजवळ ११० फूट खोल आणि ५० फूट व्यासाची. तिच्या पोटातच महाल आहे. पायऱ्या उतरून जमिनीखाली गेलात की कोरीव खांबांच्या दालनात येता, आणि तिथून वर मोटांच्या जागा आणि खाली पाणी, दोन्ही दिसते. एका वेळी बारा मोटा चालतील इतकी मोठी, म्हणून हे नाव. आजूबाजूच्या आमराईला हे पाणी जायचे.

पायऱ्या उंच आहेत, रबरी तळव्याचे बूट घाला. विहिरीच्या काठावर सेल्फीसाठी उभे राहू नका, काठाला कठडा सगळीकडे नाही. दुपारी बारानंतर ऊन थेट पाण्यावर पडते आणि महालातला कोरीव भाग उजळतो, तेव्हा वाईतून निघायची वेळ तशी धरा. फोटो काढायचे असतील तर मोबाइल पुरतो. मुख्य दरवाजावरचा शिलालेख मात्र सावकाश वाचायचा प्रयत्न करा, त्यात विहीर कुणी आणि केव्हा बांधली ते दिले आहे. लिंबमधून महामार्गाला परत लागलात की पाटी पाहूनच वळा, कारण सेवारस्त्यावर चुकीच्या दिशेने शिरलेल्या गाड्या तिथे नेहमी दिसतात.